कानात सांगितलेलं नाव

१

आमच्या घरात नावांवरून जितकी भांडणं झाली तितकी मिठावरूनसुद्धा झाली नसतील. आमचे हे गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतात आणि घरी आल्यावर कादंबऱ्या लिहितात. पुस्तकावर नुसतं 'चंद्रप्रकाश' एवढंच छापतात, आडनाव नाही. कादंबऱ्या म्हणजे राजपुत्र, उडती बेटं, बोलक्या गुहा असलं सगळं. वाचनालयांत त्या पानं सुटेपर्यंत फिरतात. यांचा जीव मात्र गोष्टीत नसतो, नावांत असतो. दूरश्रवा नावाचा माणूस आला की त्याला कोसावरची मुंगी चालताना ऐकू यायलाच हवी, आणि मग त्या बिचाऱ्याला पुस्तकभर झोप नाही. मौनावती नावाची राणी होती. तिच्या डोळ्यांदेखत तिचं मूल विहिरीत पडलं, तरी यांनी तिला ओरडू दिलं नाही. कुठली आई गप्प बसेल, असं मी विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "नाव दिलं की ते पाळायचं, अनु. आपल्या सोयीनं मोडायचं नसतं."

माझं नाव अनुपमा. जिला कशाचीच उपमा देता येत नाही, ती. म्हणजे माझ्याबद्दल यांना कधी काही लिहायला सुचणार नाही, हे लग्नातच ठरून गेलं होतं.

आम्ही अंधेरीला, आंबोलीच्या गावठाणात राहतो. इनेझबाईंच्या घराची मागची बाजू आमच्याकडे भाड्यानं आहे. दोन खोल्या, पडवी, आणि पुढं विहीर. वर्सोव्याकडून वारा आला की सुक्या मासळीचा वास थेट चुलीपर्यंत येतो. याच घरात आमची पहिली दोन मुलं झाली आणि गेली. मुलगी दीड महिन्याची होऊन गेली, मुलगा त्याहूनही लहान असताना. दोघांची नावं यांनी निवडली होती, सुंदर होती. मी ती आता घेत नाही.

तिसऱ्या वेळी सासूबाई वेंगुर्ल्याहून आल्या आणि त्यांनी कारभार हातात घेतला. मुलगा झाला. त्यांनी त्याला उचललं, पुढच्या घरात जाऊन इनेझबाईंच्या मांडीवर ठेवलं, आणि सूपभर कोंडा देऊन परत घेतलं. "हो झील आमचो न्हय," घरभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कोंड्यान इकत घेतल्लो." ज्यांची मुलं जगत नाहीत ते असंच करतात. न्यायला येणाऱ्याला वाटावं, इथं मौल्यवान काही नाही, कोंडा आहे. नावही तेच, कोंडू. बारसंही बाराव्या दिवशी नाही. दोघं ज्या वयात गेली ते वय उलटू दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं, आणि मुलगा तीन महिन्यांचा झाल्यावर पाळणा बांधला.

यांना ते नाव फार लागलं. राजपुत्रांना नावं देणाऱ्याचा मुलगा कोंडू. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. सासूबाईंपुढं मात्र बोलायची छाती नव्हती.

बारशाला घाटकोपरहून माझी नणंद आली, नीलावन्सं. रीत अशी की आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आम्ही घातले. वन्सं वर उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, कोंडू. त्या कानाशी जरा जास्तच वेळ होत्या हे माझ्या लक्षात आलं होतं. पण बारशाच्या गडबडीत कोण कशाला विचारतं.

२

तान्ह्या मुलाची आई म्हणजे घड्याळ असतं. सकाळी तेल, मग आंघोळ, मग शेगडीवर धूप टाकून धुरी, काजळ, दूध, झोप. नखं कात्रीनं कापायची नाहीत, आपल्या दातांनी हळूच कुरतडायची, नाहीतर मूल स्वतःचा गाल ओरबाडतं. हे सगळं मी डोळे मिटून करत होते. एकदा त्याचा हात तोंडाशी नेला आणि कुरतडायला काही नव्हतंच. मागच्या आठवड्यातही नव्हतं. त्याच्या मागच्या आठवड्याचं मला आठवेना.

मी मॅट्रिक झालेली बाई आहे, लग्नाआधी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. असल्या गोष्टींची मी कारणं शोधते. मुलं सारखी अंगठा चोखतात, नखं झिजत असतील, म्हटलं. मग दिवाळीसाठी मी त्याला दोन बोटं मोठं झबलं शिवलं. दिवाळीला ते मोठं झालं. होळीलाही मोठंच झालं.

पुढच्या घरात इनेझबाईंच्या सुनेला त्याच महिन्यात मुलगी झाली होती, एथेल. ती पालथी पडली, रांगली, खांबाला धरून उभी राहिली, आणि पडवीपर्यंत येऊन आमच्या शेगडीतल्या राखेत हात घालू लागली. आमचा कोंडू मान धरायचा, तोंडभर हसायचा, मुठी चोखायचा. बारशाच्या दिवशी जे करत होता ते सगळं करायचा. इनेझबाई विहिरीवर पाणी ओढता ओढता एकदा म्हणाल्या, "तुजा पोर अजून उताणाच हाय गो." मी म्हटलं, काही मुलं उशिरा उलटतात. त्यांनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावला आणि घागर उचलली.

डॉक्टरांकडे मी तीन-चारदा गेले. त्यांनी छाती तपासली, पोट दाबलं, डोळ्यांपुढं दिवा धरला. मुलगा ठणठणीत आहे म्हणाले. वजन तेवढंच होतं. दूध बदलून बघा म्हणाले. मग देवीची लस टोचायची वेळ आली. टोचणाऱ्यानं दंडावर सुई फिरवली, रक्त आलं, कोंडू रडला. ज्याला टोचतात त्याला तिथं फोड येतो, ताप येतो, आणि जन्मभर वण राहतो. एथेलचा दंड सुजला होता. कोंडूचा दंड मी दुसऱ्या दिवशी उजेडात धरला, तर तो सुई न लागलेल्या दंडासारखा होता. दुसऱ्यांदा टोचून आणलं. पुन्हा तेच. टोचणारा हसून म्हणाला, कातडी राजाची आहे बाई तुमच्या मुलाची. मी हसले नाही. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा दार लावून रडले.

३

त्याला कधी काही झालं नाही. गावठाणात गोवर आला, आमच्या दारावरून पुढं गेला. पाळण्याचा दोर सुटून तो फरशीवर पडला, मी किंचाळत धावले, तर साधं टेंगूळ नव्हतं. सासूबाई दुसऱ्या पावसाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहायच्या, आणि आता त्यांच्याइतकं समजणारं विचारायला कोणी राहिलं नाही.

लोकांना काय सांगायचं? पहिल्यांदा मी सांगायची, अशक्त आहे. मग सांगायला लागले, हा धाकटा, थोरला आजोळी असतो. पुढं हा त्याच्याही पाठचा झाला. खोटं बोलण्याची मला मुळीच सवय नाही, तरी माझं खोटं कुणी पकडलं नाही, कारण तान्हं मूल कोण निरखून बघतं. नातेवाइकांकडे जाणं मी बंद केलं. नीलावन्संनाही सणावाराला काहीतरी निमित्त सांगून टाळत राहिले. इनेझबाईंना सगळं दिसत होतं. त्या रविवारी चर्चहून येताना त्याच्यासाठी मेणबत्ती लावून यायच्या, मला न सांगता.

हे मात्र खुशीत होते. ते मला तेव्हा कळायला हवं होतं. संध्याकाळी कामावरून आले की हात-पाय धुऊन पाळण्याशी बसायचे आणि आदल्या रात्री जे लिहिलं असेल ते त्याला वाचून दाखवायचे. मी दिवा लावून आत-बाहेर करायची. एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही काळजीनं उठून बसलेलं मी पाहिलं नाही.

एथेल शाळेत जायला लागली तो उन्हाळा. दुपारी पुढचं घर झोपलेलं असतं. विहिरीचा रहाट थांबलेला, कोंबड्या सावलीत, अशी शांतता असते की डाळीतला खडा ताटात पडला तरी ऐकू येतो. मी पडवीत तांदूळ निवडत होते. आतून कुणीतरी हळू आवाजात काहीतरी घोकत होतं. एथेल आत शिरली असेल, बेरजा पाठ करत असेल असं मला वाटलं. मग आठवलं, एथेल शाळेत आहे. आवाज आकडे म्हणत नव्हता. एकामागून एक नावं म्हणत होता. दूरश्रवा. मौनावती. यांच्या पुस्तकांतली सगळी माणसं, आली त्याच क्रमानं.

मी उठले तेव्हा सूप सांडलं आणि आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. पाळण्यात कोंडू उताणा पडून आढ्याकडे बघत होता. ओठ नुकते मिटल्यासारखे होते. तान्ही मुलं असेही ओठ हलवतात, दूध आठवून. हे मी स्वतःला सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. तान्ही मुलं माणसाकडे बघतात तसं नाही. चुकलेल्या बसनंतर दुसरीची वाट बघून कंटाळलेला माणूस रस्त्याकडे बघतो, तसं.

४

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. कोंडू म्हणून हाक मारली तर तो वळायचा नाही. कधीच वळला नव्हता. बहिरा नव्हता, भांडं पडलं की दचकायचा. संध्याकाळी हे पाळण्याशी बसले तेव्हा मी दाराआड उभी राहिले. हे वाकले आणि हळूच म्हणाले, "अजर." त्यानं लगेच मान वळवली.

अजर हा यांचा सगळ्यात गाजलेला नायक. जो जीर्ण होत नाही, तो अजर. त्या कादंबरीत त्याच्या बेटावरचे सगळे म्हातारे होऊन मरतात आणि नाव ठेवलं त्या दिवशी तो जसा होता तसाच राहतो. वाचकांना ते फार आवडतं. मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

मी आत गेले आणि विचारलं, वन्संनी बारशाला कानात काय सांगितलं. यांनी वही मिटली. खोटं बोलले नाहीत, तेवढं त्यांचं बरं. म्हणाले, आईनं कोंडू ठेवलं ते जगाला सांगायला, कानातलं नाव मी नीलाला दिलं होतं. दोन गेली होती, अनु. मी लेखक आहे. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं?

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"आधी नव्हतं. देवी टोचली तेव्हा कळलं."

"आणि गप्प बसलात."

"तो जाणार नाही, अनु. बाकी काहीही होईल, पण हा जाणार नाही. तुला हे कळत कसं नाही?"

ते रडत होते आणि हसत होते. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी त्यांच्या अंगावर गरम पाणी ओतावंसं वाटलं. मला जिवंत मूल हवं होतं, हे खरं. त्यासाठी मी काय काय नवस बोलले होते ते माझं मला ठाऊक. पण मला त्याची चड्डी फाटायला हवी होती, दात पडायला हवा होता, शाळेत मार खाऊन यायला हवा होता. आम्ही म्हातारे होऊ, मरू, मग याला आंघोळ कोण घालणार, असं मी विचारलं. यांनी वही उघडली. ते वाचायला लागले, जिथं थांबले होते तिथून. आणि पाळण्यात तो ऐकत होता, एवढीशी मूठ तोंडाशी धरून. पाच वर्षं तो त्या अंगात पडून सगळं ऐकत होता, हे माझ्या डोक्यातून त्या क्षणापासून गेलेलं नाही.

५

मी वन्संना निरोप धाडला. हे कामावर गेल्यावर त्या आल्या. फाटकातून येताना हसत होत्या, भाच्यासाठी लाकडी घोडा आणला होता. पाळण्यात बघितलं आणि तो घोडा त्यांनी हळूच पिशवीत परत ठेवला.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही जे नाव दिलं ते तुम्हीच काढा, कानात कोंडू सांगा, तेवढंच करा, म्हणून पाया पडले. त्या दोनदा वाकल्या आणि दोनदा मागं आल्या. तो त्यांच्याकडे एकटक बघत होता. "वहिनी, माझ्यानं नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "तो मला ओळखतो."

मग मी म्हटलं, मी सांगते. आईनं सांगायची रीत नाही, नसू दे. तुम्ही फक्त माझ्या पाठीत धपाटा घाला, तेवढी तरी रीत होऊ दे. त्या माझ्या मागं उभ्या राहिल्या. भर दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं, पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या. मी पाळणा धरून थांबवला आणि वाकले. त्याच्या केसांना तेलाचा आणि धुपाचा वास होता. इतकी वर्षं तोच वास. कानाशी तोंड नेलं.

"नको, आई."

बोबडे नव्हते शब्द. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा आवाज होता, थोडा घोगरा, फारसा न वापरलेला. माझ्या गालाला त्याचा श्वास लागला. दात नसलेल्या त्या तोंडातून तो आवाज कसा आला हे मी सांगू शकत नाही. मी बघितलं नाही, माझे डोळे मिटलेले होते. तीन मुलं झाली मला, आणि आई म्हणून हाक मी पहिल्यांदा ऐकत होते. ती हाक आली की मी काय करीन याची किती चित्रं मी रंगवली होती.

मी कुर्र केलं आणि कोंडू म्हटलं.

वन्सं नंतर म्हणाल्या की त्यांनी काहीच ऐकलं नाही. धपाटा त्यांनी घातला नव्हता. मी वळले तेव्हा त्यांचा हात वरच होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. चहासुद्धा न घेता त्या गेल्या. हे त्या रात्री उशिरा आले, तोवर मी त्याला कुशीत घेऊन निजवलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल लावायला घेतलं आणि त्याच्या पोटाला माझा हात पोळला. ताप. आयुष्यातला पहिला ताप. मला इतका आनंद झाला की मी त्याला छातीशी धरून खोलीभर फिरले, लाज वाटत नाही सांगायला. तो रडला. ते रडणं साधं होतं, तान्ह्या मुलाचं, आत दुसरं कुणी नसलेलं. त्यानं डोळे वर केले तर ते मला ओळखत नव्हते, नुसते उजेड शोधत होते. कोंडू म्हटलं तर माझ्याकडे वळले.

डॉक्टर आले. वय विचारलं. मी म्हटलं, तीन महिने, आणि ते आता खरं होतं. त्यांनी औषध दिलं, पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितलं, आणि जाताना माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी पट्ट्या बदलते आहे. कापड ठेवलं की लगेच कोमट होतं. इनेझबाई पडवीत गुडघे टेकून जपमाळ ओढतायत. हे त्यांच्या शेजारून घाईनं आत आले, वन्संनी छापखान्यात निरोप दिला असणार. पाळण्यात बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

ओरडले नाहीत. उंबऱ्याशी बसले, हात जोडले मला. यांनी कधी देवालाही हात जोडलेले मी पाहिले नाहीत. "अनु, मला एकदा त्याच्या कानाशी जाऊ दे," म्हणाले. "एकच शब्द. ताप उतरेल. तुला माहीत आहे उतरेल."

मला माहीत आहे. तेच तर आहे. उतरेल, आणि दुपारी पुन्हा आतून आवाज यायला लागेल, आणि मी नसेन तेव्हाही येत राहील. पण आत्ता त्याच्या छातीत घरघर लागली आहे, आणि ही घरघर मी दोनदा ऐकलेली आहे. ती कशी संपते ते मला ठाऊक आहे. काल तो नको म्हणाला, ते कुठल्या नावाला, हेही मी त्याला विचारलं नाही. मला फार भीती वाटते आहे. कुणीतरी येऊन माझ्या हातून हे काढून घ्यावं असं वाटतं.

मी त्याला मांडीवर घेतलं आहे आणि दोन्ही तळहात त्याच्या कानांवर घट्ट दाबून धरले आहेत. त्याचे कान निखाऱ्यासारखे लागतात. हे उठून अगदी जवळ येऊन बसले आहेत, मला हात लावत नाहीत, फक्त ते नाव घेतायत, हळूहळू, न थांबता, पाळण्याशी बसून वाचतात त्या आवाजात. मी कोंडू, कोंडू म्हणते आहे, माझंच मला ऐकू येत नाही इतक्या मोठ्यानं.

मी हात काढणार नाही. पण हात भरून आले आहेत.